बिनअटीचं वाण

ब्राह्मणपारा मोहल्ल्यात सुनीतीचं घर कुणाला विचारावं लागत नाही. तुपाचा वास जिथं घट्ट होतो तिथं उजवीकडे वळायचं. खाली दोन खोल्या, मागे सिमेंटचं अंगण, अंगणातल्या सावलीत जुन्या धोतरावर वाळत घातलेले तांदूळ, आणि त्यांच्या पहाऱ्याला हातात चप्पल घेऊन बसलेली साठीची काटकुळी बाई. चप्पल चिमण्यांसाठी. गिऱ्हाईक उलट बोललं तर त्याच्यासाठीही.

अनारशाचं काम घाईचं नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवायचे, कुटायचे, गुळात मळून ठेवायचे. मग खसखशीवर थापून तुपात सोडायचा, आणि एकाच बाजूनं तळायचा. सुनीतीचा अनारसा कधी तुपात पसरला नाही. जिभेचं मात्र तसं नव्हतं. पाऱ्यातल्या निम्म्या बायका तिच्याशी बोलत नसत आणि सगळ्या तिच्याकडूनच अनारसे नेत.

नाना, म्हणजे तिचे वडील, छापखान्यात खिळे जुळवायचे. ते गेले तेव्हा आई आधीच गेलेली. सुनीती चोवीसची, भाऊ चारुदत्त चौदाचा, इरावती अकराची. कढई तेव्हापासून चुलीवर चढली ती उतरली नाही. त्या कढईतून चारूचं शिक्षण निघालं, पहिला ट्रक निघाला, इरावतीचं लग्न निघालं. सुनीतीचं लग्न तेवढं निघालं नाही. "झालं नाही काय ताई?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "केलं नाही. दोन पोट्टे वाढवले, तिसरा कोण वाढवीन?"

घर तिघांच्या नावावर होतं, सारख्या हिश्शानं.

यंदा होळीला चारू आला. शहराच्या कडेला भनपुरीत त्याचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस. बोर्ड अजून होता, ट्रक एकही राहिला नव्हता. बँकवाले एकेक करून घेऊन गेले होते.

"ताई, घर काढून टाकू. गिऱ्हाईक आहे. तुले भनपुरीत खोली पाहून ठेवली, ऑफिसच्या मागंच."

"अन् तांदूळ कुठं वाळवू? दुसऱ्यांच्या ट्रकच्या धुरात?"

"तू काहून अडून राहिली? इरा माझ्या बाजूनं झाली तर दोघं होतो आम्ही. तू एकटी काय करशील?"

"तुले जन्मभर जेवू घातलं, तेच करीन. फक्त आता घालणार नाही. ऊठ."

चारू उठून गेला. पण 'एकटी' हा शब्द मागं राहिला, आणि सुनीतीला त्या दिवसापासून झोप लागेना. तिचं सगळं या दोन खोल्यांत होतं. अंगण गेलं की तांदूळ गेले, तांदूळ गेले की हात रिकामे. साठाव्या वर्षी चारूच्या दारात ताटाची वाट पाहत बसायचं, या विचारानं ती अंथरुणात उठून बसे.

तिला आधार दिसला तो जयंतरावांचा. इरावतीचा नवरा, चौबे कॉलोनीत राहणारा, सिंचन खात्यात इंजिनियर. हळू बोलायचा, चप्पल बाहेर काढायचा, तिची बीपीची गोळी संपायच्या आत आणून ठेवायचा. चारूसारखा माणूस पाहून झाल्यावर असा माणूस देवच वाटतो.

आणि यंदा अधिक महिना होता. अधिकात जावयाला नारायण समजून वाण देतात. तेहतीस अनारसे, ताट, वर दिवा. आई नाही म्हणून वाण मोठ्या बहिणीनं द्यायचं. सुनीतीच्या डोक्यात हिशेब बसला. आपला हिस्सा जयंतरावांना वाणात दिला की त्या नवराबायकोकडे दोन हिस्से होतात. चारू राहतो एकटा. आणि वाणात आलेली वस्तू कोणी विकत नाही, मागं घेत नाही. एवढी लाज तर माणसाला असतेच.

समोरच्या शेखरभाऊंनी दानपत्र लिहून दिलं. म्हातारे वकील, चष्मा कपाळावर.

"ताई, एक ओळ टाकतो. हयात आहात तोवर इथंच राहाल म्हणून."

"जावयाला वाण देताना अट घालतात काय शेखरभाऊ? देवापुढं नैवेद्य ठेवायचा अन् म्हणायचं, आधी सही कर?"

"देवच आहे तर त्याची हरकत काहून असेल?"

"राहू द्या. तुमच्या घरी वाण मोजूनमापून देत असतील."

शेखरभाऊंनी ओळ टाकली नाही. रजिस्ट्रीला जयंतराव आले. स्वीकारल्याची सही करताना त्यांचे डोळे भरले, रुमालानं पुसत म्हणाले, "ताई, तुम्ही आहात तोवर हे घर आहे." वाणाच्या दिवसापर्यंत इरावतीलाही सांगायचं नाही, असं दोघांत ठरलं. ते सुनीतीनंच ठरवलं. तिला वीस माणसांसमोर चारूचं तोंड पाहायचं होतं. शेखरभाऊंची ओळ तिनं नाकारली तीही खरं म्हणजे त्यासाठीच. अटी घातलेलं दान वाचून दाखवताना तेवढं दणक्यात वाटत नाही.

नौतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, सुरू झाला होता. अशा उन्हात तिनं दोन दिवस तुपापुढं बसून तेहतीस अनारसे तळले, एकही मोडू दिला नाही. रविवारी पाऱ्यातली माणसं आली. चारूला तिनं मुद्दाम पुढं बसवलं, कूलरच्या तोंडाशी. जयंतरावांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ताटावरचं वस्त्र काढलं. अनारशांच्या कडेला लाल दोऱ्यानं बांधलेला कागद होता. तो तिनं स्वतः सोडला आणि चढ्या आवाजात वाचला. बायकांनी तोंडाला पदर लावले. इरावती रडली.

सुनीतीनं चारूकडे पाहिलं. चारू अनारसा खात होता.

"वा ताई," तो बोटं चाटत म्हणाला. उठला आणि तिच्या पाया पडला.

"जळलं का रे कुठं?" तिच्यानं राहवलं नाही.

"कूलरपुढं बसवलं ना तू. काहून जळीन?"

माणसं हसली. सुनीतीही हसली, पण घास काही गोड लागला नाही. चारू असा सुखासुखी पाया पडणारा नव्हता.

नवव्या दिवशी दुपारी दारात गाडी थांबली. जयंतरावांची. मागच्या दारानं इरावती आणि तिची मुलगी पायल उतरल्या, पुढून चारू उतरला. बरोबर पांढरे बूट घातलेला एक माणूस होता. त्यानं कुणाला न विचारता अंगणात टेप पसरली, तांदळाच्या धोतराचं एक टोक पायानं सारून.

"हे काय?" सुनीती उभी राहिली.

जयंतरावांनी चप्पल नेहमीसारखी बाहेर काढली. पाटावर बसले. नेहमीसारखं हळू बोलले.

"ताई, चारूच्या ट्रकमध्ये माझा पैसा होता. सगळा. चौबे कॉलोनीचं घरसुद्धा मी त्याच्यासाठी गहाण टाकलं. हिलाही होळीलाच कळलं. हे घर विकलं नाही तर आम्ही रस्त्यावर येतो."

सुनीतीला पहिल्यांदा वाक्य समजलं नाही, आणि समजलं तेव्हा एकच गोष्ट तोंडाशी आली. "तुम्ही तर रडले होते रजिस्ट्रीत."

"खरंच भरून आलं होतं, ताई. दोन वर्षांत पहिल्यांदा वाटलं, वाचलो."

चारू भिंतीला टेकून उभा होता. "मले तर रजिस्ट्रीच्याच संध्याकाळी फोन आला यांचा. ताई, तुले सांगू? तू नुसती गप्प बसली असती ना, तर आम्ही काहीच करू नसतो शकलो. तुझ्या सहीशिवाय कोणी हात लावत नव्हता घराला. गिऱ्हाईक म्हणे, बुढी कोर्टात गेली तर दहा वर्षं. तुझी सही कशी काढावी ते कळून नव्हतं राहिलं मले. तू ताटात घालून दिली."

"तू म्हणाला होता, दोघं झालात की मी एकटी..."

"म्हणालो होतो. तू कधी ऐकलं माझं? हेच बरं ऐकलं."

सुनीती इरावतीकडे वळली. हिच्या बाळंतपणात, श्रेयसच्या वेळी, ती चाळीस दिवस चौबे कॉलोनीत राहिली होती, कढई बंद ठेवून. "इरा, तू बोल. मले नाव नको, हिस्सा नको. राहू दे म्हणा फक्त."

इरावती चुलीकडे पाहत होती. "ताई, वाण दिल्यावर परत मागतात काय?"

"परत कुठं मागून राहिले मी?"

"तेच ना ते. लोक काय म्हणतील तुले?"

"मग तुझ्याकडे ने मले. मागची खोली..."

"तिथं श्रेयस बसतो कामाला. दिवसभर मीटिंग असतात त्याच्या. तुझा खलबत्ता, तुझं बोलणं... नाही व्हायचं ताई."

पायल मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "मौसी, घर तो आपने ख़ुद दिया. अब इतना ड्रामा क्यों?"

टेप गुंडाळत पांढऱ्या बुटांच्या माणसानं विचारलं, "अम्मा, कब ख़ाली करोगे?"

सुनीतीनं धोतराचं सारलेलं टोक सरळ केलं. ती म्हणाली, "अधिक संपेपर्यंत. अकरा घरच्या ऑर्डरी आहेत. पैसे घेऊन बसले आहे."

त्यांनी आपसात बोलून सहा दिवस दिले. चारू म्हणाला, "घे. आम्ही काय राक्षस आहो?"

शेखरभाऊंनी कागद पुन्हा वाचला, उलटा केला, सुलटा केला. राहण्याची ओळ त्यात नव्हतीच. एरवी कपाळावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर घेतला होता.

सहा दिवस ती दुसऱ्यांच्या जावयांचं वाण तळत राहिली. चौथ्या दिवशी मजुरांनी अंगणाची मागची भिंत पाडली; विटांची धूळ तांदळावर बसली. ते तांदूळ तिनं टाकून दिले आणि दोन घरांचे पैसे परत केले. बायका तोंडावर पदर धरून विचारायला येत, "ऐकलं ते खरं काय ताई?" ती अनारसे मोजून देई.

सातव्या दिवशी सकाळी भनपुरीच्या खोलीवर न्यायला टेम्पो आला. कढई, खलबत्ता, तांदळाचे दोन डबे, नानांचा फोटो, गादी. एवढंच निघालं. चारू दोऱ्या आवळत होता, घामानं भिजून. ड्रायव्हर इथल्या बोलीत आईला म्हणावं तसं म्हणाला, "चल दाई, आगू मं बइठ."

ती पुढं चढत होती तेव्हा चारूनं खिसे चाचपले.

"ताई, टेम्पोचे नऊशे तू देशील काय? माझ्याजवळ मोठी नोट आहे."

सुनीतीनं कमरेची पिशवी काढली. नोटा तुपकट होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. तिनं थुंकी लावून एकेक सोडवली आणि मोजून ड्रायव्हरच्या हातात ठेवली.