घरात त्याला मूळव्याध म्हणायचं

आमच्या घरात दोन भावांना एकच रोग झाला. थोरला जगला, धाकटा गेला. धाकटे म्हणजे माझे वडील. गावातले लोक याला नशीब म्हणतात. मी म्हणत नाही. दोघांचंही आजारपण मी जवळून पाहिलं आहे आणि त्यात नशिबाचा भाग फार थोडा होता.

आमचं गाव दहिवलीच्या पुढे. थोरले काका घरची भाताची शेती बघायचे आणि वडील भिवपुरीच्या वीजघरात कामाला होते. घर एक, चूल एक. सत्तर साल उलटून गेलं होतं, मी कर्जतच्या शाळेत वरच्या वर्गात होते, तेव्हा काकांना परसाकडे गेलं की रक्त पडायला लागलं. घरात त्याला मूळव्याध म्हणायचं. दुसरा शब्दच आम्हाला ठाऊक नव्हता. काकी सुरण शिजवून घालायची, ताक द्यायची, तिखट बंद करायची. कर्जतच्या बाजारात एकजण झाडपाल्याच्या पुड्या विकायचा, त्या झाल्या. एका डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्याने काकांना साधं झोपवूनही पाहिलं नाही. रक्त थांबलं नाही. काका पिवळे पडत चालले, तरी कुणी जास्त विचारायचं नाही, कारण विचारायचं तरी काय आणि कोणत्या शब्दांत?

एकदा भारा उचलताना काका बांधावरच बसले आणि त्यांना उठता येईना. वडिलांनी मग त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. हा डॉक्टर कर्जतमध्ये नवीनच आलेला, तरुण होता. त्याने काकांना कुशीवर झोपायला सांगितलं, हातमोजा घातला आणि बोट घालून तपासलं. काका बाहेर आले ते तोंड लाल करून.

"माणसाची काय लाज ठेवतात का नाय हे?" ते म्हणाले. "ह्यासाठी आनलंस व्हय रं मला?"

 डॉक्टरने वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ही मूळव्याध नाही. आत गाठ लागतेय बोटाला. मुंबईला न्या, आणि पुढच्या महिन्यावर टाकू नका."

वडिलांनी ते टाकलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. रजा काढून त्यांनी काकांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. ऑपरेशन झालं. गाठ अगदी खाली होती, म्हणून तो सगळा भागच काढावा लागला आणि पोटाच्या डाव्या बाजूला शौचासाठी वाट करून दिली. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं की कॅन्सर होता, पण आतड्याच्या बाहेर पसरला नव्हता. वेळेवर आणलंत म्हणाले.

काका घरी आले. पोटावर मऊ कापडाची घडी, तिच्यावर पट्टा. काकी त्या घड्या विहिरीमागे वेगळ्या धुवायची आणि माडाच्या आड वाळत घालायची. कधी कधी वास यायचा, नाही असं नाही. पण पुढच्या पावसात काका चिखलणीला औत धरून उभे होते. ज्याला बांधावरून उठता येत नव्हतं, तो माणूस पुन्हा शेत करत होता. गावाने खरं तर हे बघायला हवं होतं.

गावाने पट्टा बघितला. भावकीतल्या एका लग्नात काका नेहमीसारखे पंगतीच्या मध्ये बसले होते. पानं वाढून झाली, आणि यजमान त्यांच्या कानाशी वाकले. "तुमी जरा त्या कडंला बसता का? तिथं वारा हाय." काका उठले. पंगतीत एकानेही पानावरून मान वर केली नाही. मी वाढणाऱ्या मुलींत होते, हातात वरणाची बादली होती. त्या दिवसानंतर काका कुणाच्या लग्नाला गेले नाहीत.

बाहेरच्यांचं सोडा. आमच्या घरात गणपती काका आणायचे. आजोबा गेल्यापासून त्यांचाच मान होता तो. त्या वर्षी ते टोपी घालून निघाले, तेव्हा वडील दारात उभे राहिले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "दादा, यंदा मी आणतो गणपती."

"का रं?"

"देवाचं काम हाय. तुला त्ये पट्ट्याचं... मधीच काय झालं तर?"

 काका "बरं" म्हणाले, टोपी खुंटीला लावली आणि गोठ्याकडे गेले.  वडिलांनी गणपती आणला, आरती झाली, मोदक झाले. पुढच्या वर्षी काकांनी टोपीच घातली नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मी शिकले, खालापूरच्या बाजूला एका शाळेत शिक्षिका झाले, लग्न होऊन तिकडेच राहिले. माहेरी आले की आई म्हणायची, बाबांचं पोट साफ होत नाय. कधी दोन-दोन दिवस होत नाही, कधी धावाधाव. जेवण कमी झालं होतं, सदरा खांद्यावरून लोंबत होता. मी विचारलं तर म्हणाले, "पित्त हाय. वय झालं आता." त्यांचं वय तेव्हा पन्नासच्या आसपास होतं.

एका भेटीत आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तुझा बाबा हल्ली आपलं धोतर आपनच धुतो गं." आमच्या घरात कुठल्याही पुरुषाने कधी स्वतःचं धोतर धुतलेलं मी पाहिलं नव्हतं. आईने त्यांना विचारलं होतं. कामावरच्या गंजाचे डाग पडतात म्हणाले. वीजघरात ते धोतर नेसून जात नसत, हे आम्हा दोघींना माहीत होतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि आईने भाकरी थापायला घेतली. मी त्यांना डॉक्टरकडे चला म्हणाले. ते रागावले. 

भातकापणीच्या दिवसांत त्यांचं पोट फुगलं. वारासुद्धा सरेना, उलट्या सुरू झाल्या. टेंपोत घालून कर्जतला नेलं. डॉक्टर तोच होता, आता कानशिलावर पांढरा झालेला. वडिलांनी मला बाहेर जायला सांगितलं. मध्ये नुसता पडदा होता, सगळं ऐकू येत होतं.

"रक्त कधीपासून पडतंय?"

 वडील म्हणाले, "वरीस झालं आसंल. जास्तच."

डॉक्टर म्हणाला, "तुमच्या भावाला मीच मुंबईला पाठवलं होतं. तुम्ही त्यांना घेऊन आला होतात. हे काय असतं ते गावात तुमच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं."

"म्हणूनच नाय आलो," वडील म्हणाले.

मुंबईला पोट उघडलं आणि पुन्हा शिवून टाकलं. गाठ मोठी होती, यकृतात पसरलं होतं. आतड्याचा मार्ग बंद पडला होता, म्हणून वरच्या बाजूने वाट काढून द्यावी लागली. म्हणजे ज्या पट्ट्याला भिऊन ते वर्षभर गप्प राहिले, तो पट्टा त्यांना लागलाच. फक्त काकांना त्याच्याबरोबर आयुष्य मिळालं आणि यांना ते मिळालं नाही.

शेवटचे दिवस ते घरीच होते. काका रोज सकाळी त्यांच्या अंथरुणाशी बसून घड्या बदलायचे. कुणाला करू द्यायचे नाहीत. कातडी सोलवटू नये म्हणून तेल कुठे लावायचं, पट्टा किती आवळायचा, ते त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. एका सकाळी मी पाणी तापवून आणलं तेव्हा ते दोघं बोलत होते.

"मला तरी सांगायचंस रं," काका म्हणाले.

"तुला कुठल्या तोंडानं सांगू, दादा?"

काकांनी घडी नीट बसवली. "मी तुझ्या डोळ्यासमोर जिता होतो," ते म्हणाले. "रोज शेतात जात होतो. त्ये नाय दिसलं तुला. लोकांनी काय केलं तेवढंच दिसलं."

"लोकांनी नाय," वडील म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

ते गेले तेव्हा अंगणात भावकी जमली. थोरल्याचा रोग धाकट्याला लागला, असं बायका कुजबुजत होत्या. एकाच घरात जेवल्यावर दुसरं काय होणार, म्हणत होत्या. तिरडी उचलायच्या वेळी कुणीतरी काकांना म्हणालं, "तुमी राहू द्या." काकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. पुढे झाले आणि खांदा दिला.

हा रोग स्पर्शाने लागत नाही. पण एका घरात तो पुन्हा येऊ शकतो, हे मला मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि रोग्याच्या मुलांनी, सख्ख्या भावाबहिणींनी रक्त पडायची वाट न बघता तपासून घ्यावं असंही सांगितलं. मी तपासून घेतलं. माझ्यात काही निघालं नाही. माझा धाकटा भाऊ ऐकेना. त्याचं लग्न ठरायचं होतं, मुलीकडच्यांना कळलं तर काय, हे त्याचं म्हणणं. आईचंही तेच म्हणणं. याच रोगाने नवरा गेलेली बाई मुलाला म्हणत होती, कशाला उगाच बोभाटा.

शेवटी काकांनी त्याला दटावून माझ्याबरोबर मुंबईला पाठवलं. नळी घालून आतडं तपासलं तेव्हा एक लहानसा कोंब सापडला. अजून कॅन्सर नव्हता, पुढे झाला असता म्हणाले. तिथल्या तिथे काढून टाकला, संध्याकाळी तो आपल्या पायांनी घरी आला. पोटाला चीर नाही, पट्टा नाही, काही नाही. इतकं सोपं होतं ते.

भावाचं लग्न झालं, मुलं झाली. दर काही वर्षांनी तो मुंबईला जाऊन तपासून येतो. गावात आणि सासुरवाडीत आजही सगळे समजतात की तो डोळे दाखवायला जातो.