अप्पांचं मशीन नवा गेम ओढेल का?

हुबळी सोडली त्या सकाळी अप्पा बसच्या खिडकीखाली उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. ते बसच्या इंजिनाकडे कान लावून उभे होते. गोकुळ रोडवर तीस वर्षं लेथ मशीन चालवलेल्या माणसाला निरोपाच्या वेळी दुसरं काही सुचत नाही. "बेअरिंग वाजायलंय," म्हणाले. "ड्रायव्हरला सांगू काय?" मी नको म्हटलं. बस हलली तशी तिच्याबरोबर चार पावलं चालले. "पोचलीस की कळीव. नुसतं पोचले म्हण. बाकी काय नको."

आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, वर्कशॉपला कुलूप लागून सहा महिने. म्हणजे ज्या माणसाचं बोलणं आणि काम दोन्ही संपलं होतं, त्याला रिकाम्या घरात ठेवून मी पुण्याला निघाले होते, सफाई कामगारांच्या संघटनेत पत्रकं लिहायला. हे मी सजवून सांगणार नाही. माझ्यासारखे जे निघाले, त्यांनीही सजवू नये. आशीर्वाद घेऊन निघालो असं लिहायला बरं वाटतं. मी भीती घेऊन निघाले. गावाकडचा नंबर फोनवर दिसला की कोण गेलं हे आधी मनात येतं आणि मग आवाज ऐकू येतो, ती भीती. तुम्हाला माहीत आहे.

पुण्यात पहिल्याच बैठकीत मी तोंड उघडलं आणि एक बाई म्हणाल्या, "तुम्ही कानडी का?" हुबळीत शेजारच्या गिरिजक्का आम्हाला जन्मभर 'मराठी मंदी', म्हणजे मराठी माणसं, म्हणत आल्या. दोन्हीकडे आम्ही दुसरीकडचे. ह्याचा राग मला आजही येतो. पण राग हे माझं कामच आहे, तो पत्रकात वापरता येतो. भीती कुठं वापरायची?

तिची सोय एका गेमनं केली. धारवाडला शिकत असताना मी एकेक भाग जमवून कॉम्प्युटर जोडला होता. जाताना तो अप्पांना ठेवला आणि त्यात ट्रक चालवायचा एक गेम घालून दिला. अप्पांना चित्र फारसं कळायचं नाही, आवाज कळायचा. मी पुण्यातून लॅपटॉपवर खेळताना गिअर चुकीचा टाकला की ते फोनवर म्हणायचे, "अगं, रडायलंय ते इंजिन! क्लच हाय की नाय तुझ्या गाडीत?" दोघांचे ट्रक एकामागून एक जायचे. पुढं मला वेळ मिळेना, त्यांना मिळत राहिला. गेममध्ये दोस्ताच्या नावापुढं एक हिरवा ठिपका असतो; तो पेटला म्हणजे माणूस खेळतोय. रोज सकाळी साडेसातला मी चहा उकळता उकळता फोनवर ठिपका बघायचे. हिरवा? मग अप्पा आहेत. आवरून कामावर.

अशी दोन वर्षं गेली. मग कंपनीनं जाहीर केलं की जुना गेम बंद, नवा आलाय. नव्याला रॅम दुप्पट, ग्राफिक्स कार्ड नवं, प्रोसेसर अमुक पिढीच्या पुढचा. यादीचं शीर्षक: किमान आवश्यकता. मी भडकले. आमच्या सफाई कामगारांना किमान वेतन द्या म्हटलं की ह्या जगात कुणाला 'किमान'चा अर्थ कळत नाही, आणि चालत्या मशीनला भंगार ठरवायचं म्हटलं की लगेच कळतो! चांगला चालणारा कॉम्प्युटर काल होता तसाच आज आहे. बदललात तुम्ही, आणि नापास तो?

पण राग वरचा. खाली भीतीच होती. मशीननं गेम ओढला नाही तर ठिपका विझणार.

फोन केला. "अप्पा, मशीनमध्ये काय काय आहे ते वाचा."

"डब्यावर दोनशेतीस व्होल्ट लिवलंय."

"ते नको. स्क्रीनवर बघा."

"स्क्रीनवर तुझ्या आईचा फोटो हाय."

"अप्पा!"

"साकु गं," म्हणजे पुरे. "आपलं मशीन म्हातारं झालं. नाय ओढणार ते. सोड."

अप्पांनी आयुष्यात कुठल्या मशीनला 'सोड' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पाच दिवसांची रजा टाकली, एका मित्रानं वापरून काढलेलं कार्ड आणि रॅम कपड्यांत गुंडाळली आणि हुबळीला आले.

अप्पा वाळले होते. डाव्या पायावर जरा कमी भार टाकत होते. "थंडीनं," म्हणाले. मी कार्ड बसवलं, गेम चालू केला. पाच मिनिटं ट्रक बरा चालला, मग अडखळायला लागला, रस्ता तुकड्यातुकड्यांनी पुढं सरकू लागला, आणि कॉम्प्युटर आपोआप बंद. तीनदा तेच. प्रोसेसर तापत होता. मी डबा पूर्ण उघडला आणि आतल्या पंख्यावर टॉर्च मारली.

आत हळद होती. कुंकू होतं. अक्षतांचे दोन दाणे. आणि ह्या सगळ्याचा लेथला घालायच्या तेलात कालवलेला चिखल, पंख्याच्या पात्यांना आणि खालच्या जाळीला घट्ट बसलेला.

"हे काय अप्पा?"

"खंडेनवमीची पूजा. वर्कशॉपात करत होतो तशी. तिथं आता मशीन नाय. घरात हे एकच."

"आतून?"

"वरून करून काय उपयोग? चालतंय ते आतलं. आणि पंखा किरकिर करत होता म्हणून तेल सोडलं. दर सणाला."

मी ओरडले. कॉम्प्युटर लेथ नाही, त्याला तेल लागत नाही, एवढं कळू नये का, असं काय काय. फाटकाबाहेर उभं राहून व्यवस्थापनाला सुनावायचा आवाज मी त्या छोट्या खोलीत लावला. अप्पा उभे राहिले आणि हात पँटला पुसत राहिले, जसे काही हातच दोषी होते. माझं मलाच ऐकवेना. मग दोघं खाली बसलो. त्यांनी बारीक ब्रश आणला, मी स्पिरिट. एकेक पातं त्यांनी इतकं निगुतीनं साफ केलं की मला मान वर करता येईना.

दुसऱ्या दिवशी गेम लावला. झाडं जरा उशिरा उगवत होती, डोंगर कागदाचे दिसत होते, पण ट्रक सरळ धावत होता. तासभर अडखळला नाही. मी टाळ्या वाजवल्या. अप्पा हसले नाहीत. त्यांना खुर्चीत बसवून मी दूध आणायला कोपऱ्यावर निघाले. फाटकात गिरिजक्का भेटल्या. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "अप्पा बिद्दिद्रव्वा, निनगं हेळिल्लेनु?" अप्पा पडले होते गं, तुला सांगितलं नाही काय?

दिवाळीच्या आधी. न्हाणीत. सकाळी पडले ते दुपारी दोनला गिरिजक्कांच्या लक्षात आलं. पाच-सहा तास ओल्या फरशीवर.

मला तो आठवडा आठवत होता. त्या आठवड्यात ठिपका एक दिवसही विझला नव्हता.

दूध न घेताच परत फिरले. स्क्रीनवर लिहिलं होतं की दहा मिनिटं गाडी न हलल्यामुळे खेळाडूला बाहेर काढण्यात आलं आहे. खुर्ची रिकामी. अप्पा मागच्या दारी कढीपत्त्याला पाणी घालत होते.

"तुम्ही खेळत नव्हता," मी म्हटलं. "कधीच?"

"पहिले दोन-तीन महिने खेळलो. मग तुझीच गाडी येईना. एकट्यानं ट्रक पळवून कुठं जायचं? सकाळी लावून कडेला उभा करायचा, मग आपली कामं. जुन्यात चालत होतं. हा नवा उभ्या गाडीला हाकलतो, तसं नोटिशीतच लिवलं होतं." कळशी खाली ठेवली. "म्हणून म्हटलं, मशीन ओढत नाय."

"आणि पडलात तेव्हा?"

"तेव्हाबी लावून मगच आंघोळीला गेलतो. तू भितीस म्हणून."

अप्पाच पुढं बोलले, शांतपणे, पण लागेल असं. "तुझा तो कागद वाचला मी. झाडूवाल्या बायांना दर दोन तासाला फोटो पाठवायला लावतात, हजेरी लावतात, म्हणून केवढं लिवलीस! मालकाला काय काय म्हटलीस! मग मी काय तुझ्या कामावर हाय काय?"

ते पत्रक माझं होतं. त्यातलं वाक्य मला पाठ होतं: माणूस जिवंत आहे का हे यंत्राला विचारू नका, माणसाला विचारा. ते लिहिलं त्याही सकाळी मी आधी ठिपका बघितला होता.

उरलेल्या दिवसांत आम्ही भांडलो. पुण्याला चला म्हटलं. "बेड," नको. न्हाणीत धरायला दांडा बसवला, तो त्यांनी स्वतः वाकवून, घासून केला. घराची एक किल्ली गिरिजक्कांना दिली. आणि अप्पांनी एक अट घातली: गेम ठेवू, मशीन आता ओढतंय, पण मला वाटेल तेव्हा बसेन, ठिपका नसला तर अकराच्या आत फोन करायचा नाही. मी दहा म्हटलं. ते अकरावरून हलले नाहीत.

मागे राहिलेल्यांनो, आम्ही तुम्हाला विचारतो ते प्रेमानं विचारतो की आमची सकाळ सुखाची जावी म्हणून, हे मला आता सांगता येत नाही. आणि निघून आलेल्यांनो, हुबळी सोडताना घर म्हणजे मला तीन खोल्या वाटायच्या, मागच्या दारासकट. पुण्यात ते वेगळंच झालंय. काल ठिपका होता, अप्पा खरंच खेळत होते, माझ्या गिअरवरून शिव्याही दिल्या. आज नाही. साडेदहा वाजलेत. समोर पत्रक अर्धं पडलंय, फोन पालथा ठेवलाय. ते कढीपत्त्यापाशी असतील. नसले तर फरशीवर असतील. ह्यातलं कुठलं, हे मला माहीत नाही, आणि अजून अर्धा तास मी ते विचारणार नाही. भीत, पण न विचारता थांबायच्या ह्या अर्ध्या तासालाच मी आता घर म्हणते.