चांदूरचा आकडा

अकोल्याला शेतकी खात्याच्या कचेरीत माझं पद होतं ‘गणक’. हिशेब करणारं यंत्र नव्हे, हिशेब करणारं माणूस. अमरावतीला गणित घेऊन बी.एस्सी. झाल्यावर वडील म्हणाले, मुलींच्या शाळेत लाग. मी इथे अर्ज केला आणि जठारपेठेत आत्याकडे राहायला आले. साठच्या दशकाची मधली वर्षं होती.

आमच्याकडे वऱ्हाडातल्या पर्जन्यमापकांचे जुने तक्ते येत. सुरुवातीच्या पावसावरून पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज बांधता येईल असं सूत्र आमच्या साहेबांनी मांडलं होतं. ते पडताळायचं काम माझं. टेबलावर हाताने फिरवायचं लोखंडी गणनयंत्र होतं. गुणाकार करायचा तर दांडा फिरवत राहायचं, आणि वजाबाकी शून्याखाली गेली की आतली घंटी वाजायची. संध्याकाळपर्यंत मनगट सुजून यायचं. पण मला ते काम आवडायचं. एवढ्या मोठ्या आभाळाचा हिशेब आपल्या हातून होतोय, याचा मला ताठा होता आणि मी तो लपवत नसे.

मग मुंबईहून पत्र आलं. तिथल्या नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर आमचं सूत्र तपासणार होते. आकडे कार्डांवर भोकं पाडून त्यात घालायचे, म्हणून शेवटचे तक्ते गणकाच्या सहीनिशी मागितले होते.

त्या तक्त्यांत चांदूर रेल्वे या गावचा एक दिवस होता. आजूबाजूच्या पाऊस मोजायच्या ठाण्यांवर बेताचा पाऊस आणि चांदूरला त्याच्या कितीतरी पट. तो धरला की साहेबांचं सूत्र लंगडायचं.

साहेब म्हणाले, “कारकुनाची चूक आहे. तो काढा आणि शेजारच्या ठाण्यांची सरासरी घाला.”

“चूक आहे हे कशावरून?”

“बाई, तुमचं काम दांडा फिरवण्याचं. कुठला आकडा घ्यायचा ते मी ठरवतो.”

“मग सहीही तुम्हीच करा.”

साहेब पुण्याकडचे, माणूस सभ्य. त्यांनी आवाज चढवला नाही. कपाट उघडलं, गणनयंत्र आत ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. “सही करायची ठरली की सांगा,” म्हणाले.

रविवारी मी सकाळची गाडी धरून चांदूरला गेले. तहसील कचेरीतला एक म्हातारा शिपाई तिथला पाऊस मोजायचा. तो मळ्यात कामाला गेला होता, तिथून त्याला बोलावलं. मी आकडा सांगितला तसा त्याचा चेहरा कडक झाला.

“मी का खोटं लिवलं, असं म्हनून राहिले का तुमी?”

“मी नाही म्हणत. साहेब म्हणतात.”

“मंग सायबाले घेऊन याचं होतं. तुमी काहून आल्या?”

“सही माझी आहे म्हणून.”

त्याने चौकीदाराला किल्ली आणायला लावली. मग कचेरी उघडवली आणि मूळ रजिस्टर काढलं. आम्हाला येत ती फक्त नक्कल, बेरजेची. रजिस्टरात त्या तारखेसमोर पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या, पानाच्या कडेपर्यंत.

“मापकातली बाटली भरून पानी भायेरच्या डब्यात उतरलं होतं. काचेच्या मापानं एकेक माप भरून ओतलं. भुलू नये म्हनून दर मापाले एक रेघ.”

मी रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. एका मापाला किती पाऊस ते धरून गुणलं. आकडा बरोबर होता. शेवटच्या अर्ध्या मापाची रेघसुद्धा त्याने अर्धीच ओढली होती.

सोमवारी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “एका शिपायाच्या रेघांवर शास्त्र चालत नाही.”

मी एरवी कचेरीत पुस्तकी बोलायची. त्या दिवशी घरची भाषा तोंडात आली. “मंग कायच्यावर चालते, साहेब? तुमी तर तिथं नव्हते.”

दुपारी मेमो आला: उद्धट वर्तन. मी त्याचं उत्तर लिहिलं नाही. कॉलेजातलं लॉगरिदमच्या कोष्टकांचं पुस्तक घेतलं आणि चांदूरचा दिवस धरून सगळं गणित पुन्हा हाताने मांडायला बसले. यंत्रावर ज्याला दोन दिवस लागले असते त्याला मला तीन आठवडे लागले. प्रत्येक बेरीज दोनदा, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. आत्या म्हणे, “डोळे घालवशील.” पण काच पुसलेला कंदील ताटाशेजारी तीच ठेवायची.

तक्त्यावर सही केली आणि खाली लिहिलं: मूळ रजिस्टर मी स्वतः पाहिलं आहे. सहीशिवायचे तक्ते मुंबईवाले घेत नव्हते, त्यामुळे साहेबांपुढे दुसरा इलाज राहिला नाही. माझेच पाठवावे लागले.

निकाल आला तो साहेबांसाठी वाईट होता. साध्या वर्षांना सूत्र चालत होतं. अतिवृष्टीच्या वर्षी साफ चुकत होतं. म्हणजे ज्या वर्षी अंदाजाची खरी गरज, त्याच वर्षी ते निकामी. मुंबईच्या पत्रात चांदूरच्या नोंदीसारख्या आणखी मूळ नोंदी शोधून पाठवा, अशी सूचना होती. माझा उल्लेख नव्हता.

महिन्याभरात माझी बदली बियाण्यांच्या गोदामात झाली. साहेबांनी चिठ्ठी धाडली की मेमोबद्दल माफी लिहून दिली तर बदली थांबेल. मी त्याच कागदाच्या पाठीवर मुंबईने मागितलेल्या नोंदींची मूळ रजिस्टरं कुठल्या कुठल्या तहसिलीत मिळतील त्याची यादी लिहिली आणि परत पाठवली.