न सांडलेली घागर

हे मी अजून कोणाजवळ बोललेलो नाही. मायजवळ नाही, बायकोजवळ नाही, वसतिगृहात एकाच खोलीत माझ्या शेजारी झोपत असलेल्या मित्राजवळही नाही. तुम्हाला सांगायला बसलो आहे, आणि आतापर्यंत दोनदा उठून दार लावलं आहे का ते पाहून आलो. यावरून तुम्ही माझा स्वभाव ओळखा. मी भित्रा माणूस आहे.

माझा डावा गुडघा खराब आहे.

एवढं एक वाक्य लिहायला किती जड गेलं. खरं म्हणजे यात लपवण्यासारखं काय आहे? गुडघा खराब असणं हा काही गुन्हा नाही. गुन्हा पुढे आहे—पण तिथवर जायची वाट या गुडघ्यावरूनच जाते, म्हणून आधी तोच सांगतो.

आमची बाग भातकुलीजवळ. वांगी, मेथी, पालक, आणि सणावारासाठी झेंडू नि शेवंती. घरात कोणी शाळेची चौथीसुद्धा पुरी केलेली नाही. कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबांनी अमरावतीला पाठवताना एकच सांगितलं होतं—सुट्टीत बागेत यायचं आणि हातपाय शाबूत ठेवायचे. पहिल्याच हिवाळ्यात वसतिगृहातल्या पोरांबरोबर मी आखाड्यात जाऊ लागलो. एकदा कुस्तीत पाय मातीत रुतून राहिला आणि वरचं अंग फिरलं. गुडघ्यात जुनं फडकं फाटावं तसं काहीतरी झालं. सूज आली, काही दिवसांनी उतरली. मी घरी कळवलं नाही. उलट, दुखतं हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून इतरांपेक्षा जास्त बैठका मारू लागलो. मूर्खपणा? हो. पण तेव्हा तो मला धीटपणा वाटत होता.

पुढे पुढे सकाळी उठलो की गुडघा लाकडासारखा ताठ व्हायचा. जिना चढताना आत कुरकुर व्हायची. वर हात ठेवला तर ती तळहाताला लागायची. शेवटी बडनेऱ्याहून रेल्वेनं अकोल्याला जाऊन डॉक्टरांना दाखवलं—अमरावतीत ओळखीचं कोणी पाहील, ही भीती. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी पाय वाकवून पाहिला, कान देऊन ऐकल्यासारखं केलं, आणि म्हणाले की हाडांच्या टोकांवरची गादी झिजत चालली आहे. उतारवयात होतं ते तुला आत्ताच झालं. गेलेली गादी परत येत नाही. पण घाबरून बसून राहू नकोस. चाल, सायकल चालव, विहिरीत पोह, मांडी बळकट ठेव, म्हणजे हा पाय तुला पुष्कळ वर्षं नेईल. फक्त बैठका सोड, आणि उकिडवं बसणं सोड.

उकिडवं बसणं सोड! माळ्याच्या पोरानं? खुरपणं, भाजी खुडणं, जुड्या बांधणं—आमचं कोणतं काम उभ्यानं होतं?

मी अभ्यासाचं निमित्त करून आखाडा सोडला. मित्राची सायकल मागून घेऊन रोज रपेट करू लागलो. डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं केलं, आणि खरं सांगतो, बरं वाटू लागलं. मैलच्या मैल चालत होतो. जिना चढताना उजवा पाय आधी, डावा मागून. उठताना खांब, भिंत, काहीतरी हाताशी. बागेत बसायचं झालं तर डावा पाय लांब करून बसायचो. मामा म्हणायचे, "साहेब बसले पाय पसरून," आणि मी हसून घ्यायचो. आळशी म्हटलेलं चालत होतं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचो, कारण पहिली पावलं कोणाला दिसू द्यायची नव्हती. दिवसभर पायापेक्षा या पहाऱ्यानंच मी जास्त थकत होतो. कोणी माझ्या चालण्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं की चपलेत खडा गेल्यासारखं करून मी थांबायचो. कॉलेजात जाऊन पोरगा पांगळा झाला, असं बाबा म्हणतील. पुस्तकं गुंडाळून मला घरी नेतील. शेतात कामाचा नाही आणि कॉलेजातही नाही—मग मी कुठला?

अशात माझं लग्न काढलं.

मुलगी बार्शीटाकळीकडची, आमच्यासारख्याच बागाईतदाराची. नाव अनसूया. आई वारलेली, धाकटी भावंडं वाढवण्यात तिचं लग्न लांबलेलं. बाबा, माय, मामा आणि मी असे तिला पाहायला गेलो. आमच्यात मुलीला गाणं म्हणायला लावत नाहीत की वाचायला लावत नाहीत. विहिरीवरून डोक्यावर भरलेली घागर आणायला सांगतात. काठोकाठ भरायची, हात लावायचा नाही, पाण्याचा थेंब सांडायचा नाही, आणि आणून पाहुण्यांपुढे जमिनीवर ठेवायची. पाणी सांडलं नाही म्हणजे चाल सरळ, आणि चाल सरळ म्हणजे पोरगी कामाची.

अनसूयानं घागर आणली. एक थेंब सांडला नाही. माय खूश झाली, मामांनी मान डोलावली. सगळे पाण्याकडे पाहत होते. मी तिच्या पायांकडे पाहत होतो—मी सगळ्यांच्याच पायांकडे पाहतो, ती माझी खोड झाली होती. ओसरीची पायरी चढताना तिनं डावा पाय वर टाकला आणि उजवा मागून आणला. दुसऱ्या पायरीलाही तसंच. घागर उतरवताना ती खाली बसली नाही. खांद्यानं खांबाचा आधार घेतला, उजवा पाय मागे सरकवला आणि कमरेतून वाकली. इतक्या सफाईनं, की कोणालाही ती रीतच वाटावी. मला वाटली नाही. कारण या सगळ्या युक्त्या माझ्या होत्या. त्या मी एकट्यानं शोधून काढल्या, अशी माझी समजूत होती.

तेव्हा मला काय वाटलं असेल? कणव? आपल्यासारखं कोणीतरी भेटलं, असा दिलासा? क्षणभर वाटला—हेही खरं. पण तेवढ्यात तिचे वडील हात धुवायला चला म्हणाले, आणि मी पाटावरून उठलो. डावा हात नकळत मांडीवर गेला, उजव्या हातानं भिंत धरली. मान वर केली तर अनसूया माझ्याकडे पाहत होती. माझ्या तोंडाकडे नाही. गुडघ्याकडे. परक्या बाजारात आपल्या गावचं माणूस अचानक दिसावं, तसं तिनं पाहिलं. मग नजर खाली घातली.

तिला कळलं होतं.

 ही बाई माझ्या घरात येणार. रोज पहाटे मला उठताना पाहणार. हिच्यापासून काय लपणार आहे?

माय कानाशी येऊन म्हणाली, "पोरगी चांगली हाय, बाबू. भरली घागर भरल्यासारखीच आली." मी फक्त मान हलवायची होती. त्याऐवजी मी मामांना परसात गाठलं आणि म्हणालो, "तिच्या उजव्या पायात दोष हाय. उकिडवी बसवून पाहा."

हेच ते. हे मी केलं.

मामा आत गेले आणि भर ओसरीत म्हणाले, "पोरी, जरा उकिडवी बसून उठून दाखव बरं. कशाले हात लावू नको."

तिचे वडील गोंधळले. "काहून बुवा? घागर तं आनली तिनं."

"बागेत काय घागराच वाहायच्या हायेत?"

ती बसली. बसतानाच तिच्या ओठांवरचा रंग गेला. उठायला गेली, अर्धी उठली, आणि हात जमिनीला टेकला. मामा म्हणाले, "हे तं आमच्या मायहूनबी म्हातारी निंगाली." कोणीतरी हसलं. तिच्या वडिलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडेच पाहत राहिले. अनसूयानं माझ्याकडे पाहिलं. आता बोलेल, असं मला वाटलं. "यायलेबी बसवा," एवढं ती माझ्याकडे बोट करून म्हणाली असती तरी पुरे होतं.  मी भिंतीला धरून उभा होतो.

ती खांबाला धरून उठली आणि आत गेली.

का बोलली नाही? वडिलांची आणखी शोभा नको म्हणून? की पाहुण्याबद्दल असं बोलायचं नसतं म्हणून? का माझी भीती तिला तिथूनही दिसली, आणि तिला दया आली? हा शेवटचा विचार मी पुरा करू शकत नाही.

परतताना बैलांच्या दमणीत माय म्हणत होती, शिकलेल्या पोराची नजरच न्यारी. मामांनी ती गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितली—आमच्या भाच्यानं न सांडलेल्या घागरीतला दोष कसा ओळखला. आमचा समाज तो केवढा? गोष्ट बागेबागेत पोचली. अनसूयाला पुढे कोणी पाहायला गेलं नाही. शेवटी अकोल्याच्या एका बिजवराला दिली, त्याची मोठाली मुलं होती, असं कानावर आलं. माझं लग्न पुढच्या वर्षी झालं. मला कोणी उकिडवं बसवलं नाही. मुलाला घागर आणायला कोण सांगतं?

आणि अजून एक. इतके दिवस मी स्वतःलासुद्धा असं सांगत होतो की बागेच्या कामाला ती पुरी पडली नसती म्हणून मी बोललो. ते खोटं आहे. घागर आणणारी बाई काय करू शकते, हे मला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. तिचा गुडघा मला खुपला नाही. तिनं माझा पाहिला, म्हणून मी तिला बसवलं.

गेल्या दसऱ्याला बायकोच्या माहेरी, अकोल्याला होतो. फुलं घ्यायला आम्ही दोघं बाजारात गेलो. सगळ्या माळणी जमिनीवर पोतं टाकून बसल्या होत्या; एकीनंच दोन खोक्यांवर फळी टाकून कमरेइतका उंच ओटा केला होता आणि ती उभ्यानं झेंडू विकत होती. शेजारची तिला म्हणत होती, "उभी राय, कलेक्टरीन." ती हसत होती, हात झपाझप चालत होते. बायको तिथेच थांबली. मला उशिरा ओळख पटली.

तिला लगेच पटली. पळसाच्या पानात फुलं बांधता बांधता, अगदी साध्या आवाजात, घरच्या माणसाची चौकशी करावी तसं तिनं विचारलं, "गुडघा कसा हाय जी तुमचा? डावाच ना?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "कोनाचा गुडघा?"

तेव्हा सांगता आलं असतं. बाजारातच, दोघींच्या समोर, एका शब्दात.  मी म्हणालो, "मले काय झालं? भलत्याच कोनाले समजून राहिल्या तुमी, बाई."

अनसूयानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "असंल," म्हणाली, आणि पान बायकोच्या हातात दिलं.

थोडं पुढे आल्यावर बायको म्हणाली, "ते बाई सोताच लंगडते जी, म्हनून तिले साऱ्याईचे गुडघेच दिसतात."

मी हसलो. मोठ्यानं हसलो. आणि त्या दिवशी सासुरवाडीच्या दारापर्यंत, दोन्ही पायांवर सारखा भार देत, सरळ चालत गेलो.