रिकाम्या तारखेची रजा

नव्या वस्तूचा इतका मान ठेवणारा आणि तिच्यावर इतका अविश्वास दाखवणारा माणूस अख्ख्या कर्जत-खालापूर पट्ट्यात दुसरा झाला नसेल, आणि झाला असलाच तर आमच्या टाइमकीपर काकांनी त्याला आठ दिवस बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं असतं. आठ दिवस हा त्यांचा नियम होता. घरात किंवा ऑफिसात नवी वस्तू आली की ती आठ दिवस वापरायची नाही, नुसती समोर ठेवायची. "तिला आपली माणसं बघू दे, आपल्यालाही ती बघू दे," असं ते म्हणत. एकदा त्यांनी नवी छत्री घेतली ती नेमकी ऐन जुलैत. छत्री टाइम ऑफिसच्या खिळ्याला कोरडी टांगलेली आणि काका रोज सकाळी ओलेचिंब होऊन आत शिरताहेत, शर्टाची बाही पिळत तिच्याकडे एक समाधानाची नजर टाकताहेत, असं आम्ही आठवडाभर बघितलं. त्यांच्यासाठी फिरती खुर्ची आली तेव्हा तिच्या शेजारी उभं राहून त्यांनी हजेरी भरली. सहाव्या दिवशी मॅनेजरसाहेब सहज येऊन त्या खुर्चीत टेकले. काकांनी दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस पुन्हा मोजायला घेतले.

आमचा कारखाना पत्र्याचे डबे बनवणारा होता, खालापूरच्या रस्त्याला. माणसं सगळी आजूबाजूच्या गावांतली. कोंडाण्याची, कशेळ्याची, काही घाटाच्या अंगाला ठाकुरवाडीकडून उतरणारी. फाटकाजवळच्या छोट्या खोलीत टाइम ऑफिस, आणि तिथे बसून कोण आलं, कोण नाही आलं आणि का नाही आलं याची नोंद ठेवणं हे काकांचं काम. स्वतः टाइमकीपर असून ते हातात घड्याळ घालत नसत. पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल मिळालेलं घड्याळ त्यांनी फडक्यात गुंडाळून खणात ठेवलं होतं, वापरून झिजेल म्हणून. वेळ विचारली तर खण उघडत, फडकं सोडत, बघत, सांगत आणि परत गुंडाळून ठेवत. तोवर सांगितलेली वेळ निघून गेलेली असे.

त्यांच्याकडे एक वही होती. तिच्यावर शाईने 'मते' असं लिहिलेलं. आठ दिवसांचा उपास संपला की नव्या वस्तूबद्दल त्या वहीत पहिलं मत लिहायचं, महिन्याने दुसरं. मी ती चोरून वाचली आहे. कशेळ्याहून सुरू झालेल्या नव्या जीपबद्दल पहिलं मत होतं, 'वेळेवर सुटली. संशय येतो.' दुसरं मत, 'आज सुटलीच नाही. आता ओळखीची वाटू लागली.' एका पानावर चक्क जावयाबद्दल लिहिलं होतं. पहिलं मत, 'तुसडा वाटला.' दुसरं मत, 'चांगला आहे. त्या दिवशी माझंच डोकं दुखत होतं.' मला वाटतं, आपलं पहिलं मत चुकलं हे शाईने लिहून ठेवणारा सासरा फार थोड्या जावयांच्या वाट्याला येत असेल.

अशा माणसाच्या हद्दीत कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर मी आलो. मी कर्जतचाच, मुंबईत कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेला, आणि त्या काळात आमच्या भागात तेवढ्यावर माणसाला विद्वान समजत. टाइम ऑफिसला लागून काचेची खोली केली, तीत थंड हवेचं यंत्र बसवलं, चपला बाहेर काढायचा दंडक घातला. काका आठ दिवस त्या काचेबाहेर स्टूल टाकून बसले. नवव्या दिवशी आत आले, मशीनला नमस्कार केला, आणि एका बोटाने टंकायला शिकले. गंमत म्हणजे पटकन शिकले. दोन वर्षांत हजेरी आणि रजा यांचा सगळा कारभार त्यांचं ते एक बोट करू लागलं. मला ते 'कॉम्प्युटर' अशीच हाक मारत आणि मशीनला मात्र 'हे आमचे साहेब' म्हणत.

मग एका जूनअखेरीला मुंबईच्या मुख्य कचेरीकडून नव्या सिस्टीमच्या फ्लॉप्या आल्या. सिस्टीम म्हणजे मशीनच्या मुळाशी बसून बाकी सगळ्या कामांना हुकूम सोडणारी व्यवस्था. जुनी जाऊन नवी येणार, तिच्याबरोबर रजेचा आणि हजेरीचा प्रोग्रॅमही नवा. मी इतका हरखलो होतो की दुपारचा डबासुद्धा खाल्ला नाही. काका म्हणाले, "अरे कॉम्प्युटर, फ्लॉप्या आठ दिवस टेबलावर असू देत." मी हसलो. म्हणालो, "काका, ही छत्री नाही." त्याच शनिवारी मी नवी सिस्टीम चढवली. जुन्या नोंदी नव्या घरात नेताना मशीन एका जागी थांबलं आणि त्याने मला दाखवलं की रजेच्या काही नोंदींमध्ये तारखेची जागा रिकामी आहे, या नोंदी सदोष आहेत, पुसू का? इतक्या नम्रपणे मला त्या कारखान्यात कुणी काही विचारलं नव्हतं. मी 'हो' दाबलं. कचरा गेला म्हणून मला बरंही वाटलं.

आठवड्याने मुख्य कचेरीचा फॉर्म आला. नवी सिस्टीम वापरणाऱ्यांनी आपली पहिली मतं कळवावीत. म्हणजे काकांच्या आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्यांच्याकडे मत मागत होतं! त्यांनी फॉर्म भरला आणि वर फुलस्केपची दोन पानं जोडली. स्टोअरवाल्यांनी 'छान', अकाउंटवाल्यांनी 'जलद' लिहून हात झटकले होते. काकांनी लिहिलं होतं, 'नवी सिस्टीम हुशार आहे. अक्षर ठळक आहे. कामाचा उरक वाखाणण्याजोगा. मात्र जुनी सिस्टीम सांगितलेलं ऐकून घेत असे, ही प्रत्येक गोष्टीला उलट प्रश्न करते. ज्या प्रश्नाचं उत्तर माणसाकडे नाही तोही विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ देत नाही. हिला आमच्या भागातल्या चालीरीती कुणी समजावून द्याव्यात, ही विनंती.' मी ती दोन पानं वाचून पोट धरून हसलो, मित्रांना वाचून दाखवली, आणि काकांच्या नावापुढे 'समाधानकारक' असा एकच शब्द लिहून फॉर्म मुंबईला धाडला. पानं माझ्या खणात टाकली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कोंडाण्याचा काशिनाथ टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला. हा सात वर्षं बदली कामगार होता. कुणी आलं नाही की त्याच्या जागी काम करायचं, नाहीतर फाटकावरून परत जायचं. त्या महिन्यात काही बदली माणसांना कायम करणार होते आणि काशिनाथचं नाव यादीत पहिलं होतं. अट एकच, हंगामात विनापरवाना गैरहजेरी नको. आणि मशीनने छापलेल्या हजेरीपटात काशिनाथपुढे सलग तीन दिवस तेच दोन शब्द आले होते. विनापरवाना गैरहजर.

"काका, रजा मंजूर हाय आसं तुमीच बोल्लात ना?" काशिनाथ म्हणाला. "म्हनून तर लावनीला गेलो. आता नाय कशी म्हनतं ही मशीन?"

काकांनी मशीनमध्ये शोधलं. रजेची नोंद नव्हती. काशिनाथचीच नाही, कुणाचीच नव्हती. लावणीला गेलेली सगळी माणसं विनापरवाना गैरहजर होती. काकांचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा उतरलेला बघितला. "मी स्वतः घातल्यात रे," ते म्हणाले. "जूनमध्ये. एकेक."

"तारीख काय घातली होती?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला त्या शनिवारी दाबलेलं 'हो' आठवलं.

"तारीख नव्हती घातली. जुनी चालवून घेत असे. माणूस कामावर परत आला की मग भरायची."

"पण बिनतारखेची रजा म्हणजे काय काका?"

ते माझ्यावर चिडले नाहीत. काशिनाथकडे वळून म्हणाले, "याला सांग, लावणीची तारीख जूनमध्ये का देत नाहीत ते."

काशिनाथ माझ्याकडे बघतच राहिला. कर्जतच्या माणसाला हे सांगावं लागेल असं त्याला वाटलं नसावं. "कशी देनार दादा? खाचरात पानी व्हायला पायजे. रोप उपटाया आलं पायजे. आन् सावड हाय ना आमची, आज त्याच्या शेतावर समद्यांनी जायाचं, उद्या याच्या. माजी पाळी येईल तवा माजी लावनी. आबाळ काय टायम ऑफिसात इचारून भरतं का?"

मी म्हणालो, "त्या नोंदी मी पुसल्या." एवढं तरी मला त्या वेळी जमलं याबद्दल मी देवाचे आभार मानतो. काशिनाथला ते कळलं की नाही कोण जाणे. तो खिडकीच्या गजाला धरून उभा होता आणि काकांकडे बघत होता. सात वर्षं तो असाच तिथे उभा राहत आला होता.

आम्ही दोघं मॅनेजरसाहेबांकडे गेलो. मी आधी बोललो. नोंदी होत्या, मी पुसल्या, चूक माझी. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुमची चूक कसली? सिस्टीमने सदोष दाखवलं, तुम्ही पुसलं. बरोबरच आहे. प्रश्न असा आहे की बिनतारखेच्या रजा मशीनमध्ये मुळात घातल्या कुणी?"

"मी," काका म्हणाले.

"किती दिवस चाललंय हे?"

"मशीन आल्यापासून मशीनमध्ये. त्याआधी तीस वर्षं वहीत."

साहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांनी सांगितलं त्याचा अर्थ साधा होता. या रजा आपण नियम सोडून, स्वतःच्या जबाबदारीवर मंजूर केल्या होत्या, असं काकांनी लेखी दिलं तर माणसं नियमित धरता येतील. पण मग काकांना मेमो द्यावा लागेल, आणि मेमो लागलेल्या माणसाला निवृत्तीनंतर मुदतवाढ देता येत नाही. काका ऑक्टोबरअखेर निवृत्त व्हायचे होते. वर्षाची मुदतवाढ जवळजवळ ठरलेली होती, आणि त्या वर्षाची त्यांना किती आस होती हे मला ठाऊक होतं. घरी बसायच्या कल्पनेनेच ते कासावीस होत.

एरवी प्रत्येक गोष्टीला आठ दिवस मागणाऱ्या या माणसाने साहेबांच्या टेबलावरचंच पेन उचललं आणि तिथल्या तिथे लिहून दिलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार. मी मधे काहीतरी म्हणू लागलो तर म्हणाले, "कॉम्प्युटर, शाईची दौत जरा इकडे सरकव."

काशिनाथ कायम झाला. काकांना मेमो मिळाला. आणि महिन्याभराने मुख्य कचेरीकडून मला पत्र आलं की नवी सिस्टीम बसवताना जुन्या सदोष नोंदी शोधून साफ केल्याबद्दल आपलं अभिनंदन. ते पत्र हातात घेऊन मी काकांपुढे उभा राहिलो तेव्हा मला रडू आवरेना. काकांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "इंग्रजी चांगलं आहे. आईला दाखव." नंतर खणातली त्यांची दोन पानं मी काढली, टाइप केली, आणि माझ्या सहीने मुंबईला पाठवली. पुढच्या वर्षीच्या फ्लॉपीत रजेच्या तारखेपुढे 'नंतर भरणे' अशी सोय आली. तोवर काका निवृत्त झाले होते.

त्यांचा शेवटचा दिवस मात्र सांगायलाच हवा. ऑक्टोबर संपत आला होता, भात कापणीला आलं होतं. दुपारी चार वाजता कँटीनमध्ये निरोपाचा चहा ठरला. शाल, नारळ, हार, वेफर्स. खुर्च्या शंभर मांडल्या होत्या आणि आलो आम्ही पाच जण. साहेब, दोन कारकून, कँटीनवाला आणि मी. साहेबांना राग आला. तीस वर्षांवर नोकरी केलेल्या माणसाला निरोप द्यायला कुणी येऊ नये?

"साहेब, माणसं कापणीला गेलीत," काका म्हणाले. "रजा मीच मंजूर केल्यात. या वेळी तारखेसकट." आणि खरंच, मी नंतर मशीनमध्ये बघितलं. पंधरा दिवस आधी बसून त्यांनी एका बोटाने एकेक नाव घातलं होतं, आणि ती तारीख घालताना त्या दिवशी आपलाच निरोप आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं तर मुळीच नव्हतं. काशिनाथ सकाळी सातलाच कोंडाण्याहून येऊन पाया पडून गेला होता. त्याला यायचं होतं चहाला. काकांनी त्याला शेतावर हाकललं होतं.

मी त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला गेलो. हातात नारळ, खांद्यावर शाल, आणि हार त्यांनी काढून पिशवीत घातला होता. मी म्हणालो, "काका, एक दिवस मागेपुढे केला असतात तर सगळे आले असते हो."

"आणि एका दिवसात पाऊस आला असता तर?"

गाडी आली, ते चढले, खिडकीशी जागा मिळाली का बघायला मी वाकलो तेवढ्यात ती सुटलीही. पाऊस काही आला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. सगळ्यांचं भात कोरडं घरात गेलं, आणि काकांचा निरोप पाच माणसांत उरकला. त्यांचे आभार मानायचे असं ठरवून मी फाट्यावर गेलो होतो. ते राहिले.