रिकाम्या गाडीचं वजन

माझ्या मामांनी एकतीस वर्षं ट्रक तोलले. शहराबाहेरच्या वजनकाट्यावर भरलेली गाडी आली की तोलायची, माल उतरवून परत आली की रिकामी तोलायची, मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा. उरेल ते मालाचं वजन. या एका वजाबाकीवर त्यांनी संसार केला. आकडा इकडचा तिकडे करण्यासाठी कुणी हातात काही कोंबायला आला, तर मामा त्यालाच काट्यावर उभं राहायला सांगत. पुढे काटा आपोआप चालू लागला, पावती यंत्रातून यायला लागली आणि मामा घरी आले.

घरी बसलेला पुरुष म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी बसलाय त्यांनाच विचारा. पंधरा दिवसांत त्यांनी स्वयंपाकघरातला एकेक डबा तोलून काढला. साबणाच्या वडीवर पंचाहत्तर ग्रॅम लिहिलंय पण भरते बाहत्तर, हे मामीला तीनदा ऐकवलं. त्यांच्या घरातल्या वरच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. मामांची पावलं जिन्यात वाजली की मी मशीन जोरात चालवायची.

शेवटी मामीच्या भावाने त्यांच्यासाठी नोकरी शोधली. मोठ्या दुकानाच्या काचेच्या दारापाशी युनिफॉर्म घालून उभं राहायचं, येणाऱ्याला दार उघडायचं आणि सलाम ठोकायचा. दुसऱ्या दिवशी भोकं पाडलेलं एक खोकं घेऊन आले. आत कोंबडीची पंचवीस पिल्लं चिवचिवत होती, मांसासाठी वाढवतात ती.

"बाजारात किलोला दोनशे दहा घेतात," मामा म्हणाले. "मी त्याहून स्वस्तात घरी तयार करून देतो. मग ते दार उघडायला दुसरा कुणीतरी शोधा."

मामीने कणीक मळता मळता विचार केला. "सात आठवडे देते. दोनशे दहाच्या वर एक पैसा गेला, तर एक तारखेला मुकाट्याने दारावर जायचं."

"कबूल."

"आणि वासाचं काय?" मी जिन्यातून विचारलं. त्याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

मागच्या अंगणात, कपडे धुण्याच्या दगडापलीकडे, मामांनी खुराडं उभं केलं. लाकूड, जाळी, पत्रा, दाण्याची भांडी, पाण्याची भांडी, ऊब द्यायला मोठा बल्ब. मामीचा भाऊ बघायला आला आणि पोट धरून हसला. "भावोजी, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" मामा हसले नाहीत. मलाही त्याचा राग आला. माझे मामा आहेत, हसायचं तर मी हसेन.

पहिल्या आठवड्यात वीज गेली, पिल्लं उबेसाठी कोपऱ्यात एकमेकांवर चढली आणि खालची दोन गुदमरून मेली. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. उरलेल्या तेविसांच्या पायात त्यांनी माझ्या डब्यातले रंगीत धागे बांधले, ओळख पटावी म्हणून. आणि मग त्यांच्यातला काटेवाला जागा झाला. रोज सकाळी एकेक पाखरू कापडी पिशवीत घालायचं, पिशवी घरातल्या ताणकाट्याला टांगायची, आकडा वहीत लिहायचा. तेवीस पाखरं, तेवीस आकडे. मामी म्हणायची, "तोलून कोंबडी वाढत असती, तर दाणे कशाला आणले असते?"

चार आठवडे झाले तरी पाखरं अंग धरेनात. दाणे मात्र संपत होते. मामा उलट्या बादलीवर बसून वही चाळत राहायचे. खरं सांगते, मला त्यांची फार काळजी वाटायला लागली. काचेच्या दारापाशी सलाम ठोकणारे मामा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

शेवटी खाद्याच्या दुकानातल्या बाईंना त्यांनी सगळी हकीकत सांगितली. बाई म्हणाल्या, "अहो, रोज सकाळी तुम्हाला कुणी पिशवीत घालून टांगलं, तर तुमच्या घशाखाली नाश्ता उतरेल का? पाखरं घाबरलीत, म्हणून खात नाहीत."

मामा पडलेल्या चेहऱ्याने घरी आले. काटा खिळ्याला अडकवला तो अडकवलाच. पाखरं खायला लागली, पण मधले दिवस फुकट गेले ते गेलेच.

सात आठवडे भरले त्या सकाळी चिकनच्या दुकानातला माणूस सुरी घेऊन आला. मामांनी प्रत्येक पाखराच्या पायातला धागा स्वतः सोडला आणि मगच ते त्याच्या हातात दिलं. दुपारी ते वर आले आणि तेवीस धागे माझ्या टेबलावर ठेवले. "धुऊन आणलेत," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी मशीन चालवली नाही.

साफ केलेलं मांस चौतीस किलो भरलं. मामा हिशेबाला बसले, मी शेजारी. पिल्लं, दाणे, भुसा, औषध, बल्बची वीज, कापणाऱ्याची मजुरी, मेलेली दोन, खुराड्याचे चौतीसशे, सगळं लिहिलं. माझे धागेसुद्धा लिहिले. भागाकार झाला: किलोला तीनशे दोन.

"मामा," मी हळूच म्हटलं, "लाकूड घरात पडलेलंच होतं असं म्हणा ना."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही गं," ते म्हणाले. वही नेऊन त्यांनी मामीपुढे ठेवली. "हरलो. युनिफॉर्मचं माप द्यायला कधी जायचं?"

मामीने चष्मा लावला. वरून खाली वाचलं, पुन्हा खालून वर वाचलं. "खुराडं कुठाय?"

"कुठे असणार? मागे आहे."

"कापून खाल्लं नाहीत ना?"

मामांनी मागच्या दाराकडे पाहिलं.

"एकतीस वर्षं मी तुमचा डबा घेऊन काट्यावर येत होते," मामी म्हणाली. "नुसती भरलेली गाडी तोलून पावती दिलीत कधी कुणाला? आणि स्वतःच्या वेळी रिकामी गाडी तोलायची विसरलात?"

मी तोंडावर हात दाबून धरला. मामांचे कान लाल झाले होते.

"चौतीसशेचं खुराडं दहा खेपा तरी टिकेल," मामी बोटं मोजत म्हणाली. "मग या खेपेला किलोमागे शंभर कशाला? दहा धरा."

मामांनी वही ओढून घेतली. पेन्सिल सरसर चालली आणि थांबली. "दोनशे बारा," ते म्हणाले. मग खाली मान घालून, "तरी दोन जास्तच आहेत."

मी कपाळावर हात मारला. या माणसाला कुणी विचारलं होतं का!

"ते दोन तुमच्या रोजच्या तोलण्याचे," मामी म्हणाली. तिने खिळ्यावरचा काटा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "पुढच्या खेपेला हा वर राहील. मागितला तरी द्यायचा नाही."

मग तिने फोन उचलला आणि भावाला लावला. तो पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलत होता.

"नाही रे, ते नाही येऊ शकणार," मामी म्हणाली. "त्यांना काम आहे."

मामा उठले. खराटा घेतला आणि खुराडं धुवायला मागे गेले.