वाक्रूळकरबाईंनी डॉक्टरकडून लिहून घेतलेल्या दोन ओळी

येमिमा वाक्रूळकर या बाईने एका डॉक्टरचा सूड घेतला. इस्रायलच्या वाळवंटातल्या आमच्या येरुहाममध्ये अजून काही सज्जन म्हणतात की तिनं सोडून द्यायला हवं होतं, डॉक्टर मोठा माणूस. त्या सज्जनांना मी एवढंच विचारतो, तुमच्या घरातलं कोण गेलं होतं? मग ते विषय बदलतात.

बाई आम्हा सगळ्यांसारखी मराठी ज्यू, मूळची पेणजवळच्या वाक्रूळची. मुंबईत भायखळ्याला संसार केला, नवरा तिथेच वारला, आणि पंचावन्न साली मुलगा नाथान याला घेऊन ती इथे आली. कापडाच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज दोनशे माणसांचा स्वयंपाक करी. उंची पाच फूट नाही, पण कोणी ताट अर्धं टाकून उठला तर तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दारानं आत यायचा.

बासष्टच्या सुरुवातीला तिचा धाकटा भाऊ रूबेन बायकोला घेऊन मुंबईहून आला. बायको हॅना, अबोल, ठाण्याची. रूबेनला इथलं काहीच गोड लागेना. रोज एकच रडगाणं, "बाय, वालाचं बिरडं कधी करशील?" आता या वाळवंटात कडवे वाल कुठले? पण पेसाहचा सण झाला आणि बीरशेबाच्या गुरुवारच्या बाजारात बाईला एका ट्युनिसवाल्याच्या गोणीत मोठे वाल दिसले. आपल्या वालाच्या दुप्पट, चपटे, तपकिरी. हिब्रूत त्यांना 'पोल' म्हणतात. बगदादचे, मिसरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या खातात. आमच्यापैकी कोणी ते शिजवलेले नव्हते, कारण शिजवायचं तर बिरडंच करायचं, आणि कडव्या वालाशिवाय बिरडं करणं कोणाच्या मनात येत नव्हतं. बाईच्या आलं. भिजवले, फडक्यात बांधून मोड काढले, कोमट पाण्यात एकेक दाणा सोलला, नारळाचं दूध मिळेना तर सुक्या खोबऱ्याचं काढलं. रूबेन तीन वेळा वाढून घेऊन जेवला. नाथानला बिरड्याचा वाससुद्धा चालत नाही, तो ब्रेड खाऊन उठला.

तिसऱ्या दिवशी रूबेनची लघवी कोऱ्या चहासारखी झाली. डोळे पिवळे, अंगात ताप, उभं राहवेना. पित्त असेल म्हणून बाईनं त्याला कोकमाचं पाणी पाजलं. इथल्या दवाखान्याच्या नर्सनं एक नजर टाकली आणि त्याला गाडीत घालून उत्तरेला एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. नाव मी लिहीत नाही, लिहिलं तर माझ्यावरच खटला होईल. हिब्रू बोलायला मी बरोबर गेलो. कोकमाची बाटली बाईच्या पिशवीतच होती.

डॉक्टरचं नाव हाल्पर्न. मूत्रपिंडाचा आणि रक्ताचा तज्ज्ञ, भिंतीवर सोनेरी चौकटी. त्यानं विचारलं, "काय खाल्लं?" मी सांगितलं, पोल खाल्ले. मी स्वच्छ सांगितलं, दोनदा सांगितलं. तो हसला. म्हणाला, "पोल खाऊन आजारी पडणं हे इराकी आणि कुर्दी लोकांचं दुखणं आहे. हिंदी लोकांच्या रक्तात ते नसतं." मग त्याची नजर बाटलीवर गेली. उघडून हुंगली. "हे काय, जडीबुटी?" मी म्हटलं, आंबट फळाचं सरबत आहे, तुम्हीही पिऊन बघा. त्यानं बाटली कागदात गुंडाळून बाजूला ठेवली. लघवीला जंतुदोष झालाय म्हणून सल्फाच्या गोळ्या सुरू केल्या. चार दिवसांत रूबेनची लघवी बंद झाली. सहाव्या दिवशी तो गेला. एकतीस वर्षांचा होता.

मृत्यूच्या दाखल्याबरोबर एक कागद मिळाला. त्यावर लिहिलेलं मीच हॅनाला वाचून दाखवलं, ही माझी चूक. 'बहिणीने दिलेल्या अज्ञात देशी औषधाने मूत्रपिंडे निकामी.' घरी पोचल्यावर हॅनानं आपली भांडी वेगळी केली आणि दुसऱ्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. गावात कुजबुज सुरू झाली. कँटीनमध्ये बाईच्या हातचं सूप घेताना बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोणी तोंडावर काही बोललं असतं तर तिनं पळी हाणली असती, पण कोणी बोलेना.

शेजारी एक बगदादवाली राहायची. तिनं एका दुपारी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, आमच्यात हे पोरासोरांना ठाऊक असतं. काही घरांतल्या पुरुषांना पोल खाल्ले की रक्त फुटतं आणि लघवी काळी होते. आईकडून येतं ते. आणि त्यात सल्फा दिलं की संपलंच."

बाई माझ्याकडे आली. खुर्चीवर बसली नाही. "मोर्देखायभाऊ, म्हणजे माझ्या हातानंच गेला."

मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागलो.

"थांब, रडायला आले नाही. अर्धं माझ्या हातानं, अर्धं त्याच्या गोळ्यांनी. माझं अर्धं मी मान्य करते. त्याचं अर्धं त्यानं त्याच्या हातानं लिहायचं. नाही लिहिलं तोवर मी त्याला सुखानं जगू देणार नाही."

आम्ही हाल्पर्नला पत्रं पाठवली. सात पाठवली, उत्तर एकाचंही नाही.

मग त्रेसष्टच्या मार्चमध्ये देवच पावला. हाल्पर्न स्वतः येरुहामला आला. पांढरी गाडी, बर्फाच्या पेट्या, काचेच्या नळ्या. त्याला आता हिंदी ज्यूंचं रक्त हवं होतं. कोणत्या समाजातल्या किती पुरुषांच्या रक्तात तो दोष आहे याचा तो तक्ता करत होता. इराकी झाले, कुर्दी झाले, येमेनी झाले, फक्त आमचा रकाना कोरा. शंभर पुरुष पाहिजेत. म्हणजे या माणसाला आता शंका आली होती. शंका आली होती आणि तरी त्यानं रूबेनच्या कागदाला हात लावला नव्हता. हे कळल्यावर बाई जी हसली, ते हसणं मला अजून आठवतं. चांगलं नव्हतं.

तो येणार ही खबर नर्सनं दोन दिवस आधी दिली होती. बाईनं मुंबईहून आलेले पोहे काढले आणि मलिदा केला, आमचा नवसाचा नैवेद्य. पोहे, खोबरं, साखर, वेलची, पाच फळं, सगळं रीतसर. नवसाला पावणारा आमचा संदेष्टा एलियाहू हान्नबी, त्याचं नाव घेऊन प्रार्थना झाली. मग तिनं ताट पुढे सरकवलं आणि घराघरातल्या पुरुषांना सांगितलं, "ताटाला हात लावून बोला. माझ्या भावाचा कागद दुरुस्त होत नाही तोवर या डॉक्टरला रक्त देणार नाही."

त्या दिवसांत माणसं आधीच पेटलेली होती. आमच्या मुलामुलींची लग्नं लावायच्या आधी रब्बी, म्हणजे इथले धर्मगुरू, आम्ही अस्सल ज्यू आहोत का म्हणून आजी-पणजीचा पुरावा मागत होते. तिकडे रक्त शुद्ध आहे का विचारतात, इकडे रक्त नळीत घालून द्या म्हणतात. मी तिथे चार शब्द बोललो, थोडे जास्तच बोललो. पण माझ्या भाषणानं नाही, मलिद्याच्या ताटानं काम केलं. एलियाहू हान्नबीचा नवस मोडायची हिंमत आमच्यात कोणाला नाही. ज्या बायका वर्षभर सूप घेताना एकमेकींकडे बघत होत्या, त्यांनीच आपापल्या नवऱ्यांना पुढे ढकललं.

हाल्पर्न आला, दिवसभर गाडी उभी करून बसला. शर्टाची बाही कोणी वर केली नाही. म्हातारा एफ्राइम तेवढा गाडीपाशी गेला आणि विचारून आला, "डॉक्टर, बर्फ विकताय का?"

डॉक्टर उन्हाळ्यात परत आला. या वेळी बरोबर एक तरुण डॉक्टरीण होती, रुथ नावाची. पुन्हा रिकामा गेला. जाताना मात्र तो बाईच्या दारात थांबला आणि मला म्हणाला, "तिला सांग, हा दोष बहिणीकडून तिच्या मुलात उतरू शकतो. तिचा मुलगा सैन्यात आहे ना? उद्या कोणी त्याला सल्फा दिलं तर? हट्टापायी मुलाला मारू नकोस म्हणावं."

मी सांगितलं. मला वाटलं, आता बाई मोडणार. तिनं दारात उभी राहूनच उत्तर दिलं, "विचार करते म्हणावं." आणि दार लावलं.

चौसष्टच्या फेब्रुवारीत तो तिसऱ्यांदा आला. उन्हाळ्यात परदेशात कसलीशी मोठी परिषद होती, तक्ता पुरा हवा होता. दवाखान्याच्या खोलीत आम्ही जमलो. पन्नास-साठ माणसं, दाराबाहेर आणखी. मागे भिंतीला टेकून हॅना उभी होती, तिला कोणी बोलावलं नव्हतं. नाथान रजेवर आला होता, खाकी कपड्यांत.

हाल्पर्ननं पुन्हा मुलाचा विषय काढला. या वेळी सगळ्यांसमोर, आवाज चढवून.

बाईनं पदराखालून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "वाच. सावकाश वाच."

तो तेल अविवच्या एका प्रयोगशाळेचा होता, नऊ महिन्यांपूर्वीचा. डॉक्टरनं धमकी द्यायच्या आधीच तिनं नाथानला बसमध्ये घालून रक्त तपासून आणलं होतं. आणि मला, तिची सगळी पत्रं लिहिणाऱ्या माणसाला, कळू दिलं नव्हतं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण वाचलं. नाथान वाक्रूळकर, दोष आहे.

"तुम्हीच म्हणालात, आईकडून येतं," बाई हाल्पर्नकडे बघून बोलली, मी हिब्रू करत गेलो. "माझ्या मुलात माझ्याकडून आलं. मग माझ्या आईकडून माझ्या भावात आलं होतं की नाही? हिंदी लोकांच्या रक्तात नसतं म्हणालात. आता सांगा."

डॉक्टरीण रुथनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "तिचं बरोबर आहे."

"इमा, दाय," नाथान आईला म्हणाला, म्हणजे आई, आता बस. "तो लिहील."

हाल्पर्ननं रूबेनची फाइल आणलेलीच होती. म्हणजे त्याला ठाऊक होतं की मागितली जाईल. त्यानं जुनी ओळ खोडली आणि लिहिलं, 'पोल खाल्ल्याने रक्तनाश.' आणि पेन मिटलं.

"आणि?" बाई म्हणाली.

"काय आणि?"

"पोल कोणी घातले, गोळ्या कोणी दिल्या. दोन ओळी. पहिल्या ओळीत माझं नाव लिहा. मी लपवत नाही. दुसरीत तुमचं."

त्यानं पेन उघडलं, पुन्हा मिटलं. लाल झाला, मग पांढरा. बाहेर गाडीतला बर्फ वितळत होता. शेवटी त्यानं लिहिलं. 'पोल बहीण येमिमा वाक्रूळकर हिने दिले. सल्फाच्या गोळ्या मी दिल्या, डॉ. हाल्पर्न.' खाली तारीख आणि सही. मी ते मोठ्यानं वाचलं, आधी हिब्रूत, मग मराठीत.

त्यानं सुई हातात घेतली आणि विचारलं, "पहिला कोण?"

"नवस फिटला, आता रक्त मिळेल," बाई म्हणाली. "पण तुमच्या हातात नाही. या पोरीच्या हातात. नळ्यांवर, वहीत, तक्त्यावर तिचं नाव. तुम्ही गाडीत बसा."

तो गाडीत जाऊन बसला. खरंच बसला, पाच तास. एकशे चार पुरुषांनी बाह्या वर केल्या, पहिला नाथान. एफ्राइम म्हातारा सुई टोचून घेताना रुथला म्हणाला, "मुली, सांभाळून. माझ्या आजीचं आहे, रब्बी मागायचे."

हॅना गर्दी पांगल्यावर पुढे आली. दोन वर्षांनी ती पहिल्यांदा बोलली. "वन्सं, म्हणजे तुम्हीच घातलंत खायला."

"घातलं."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू कागदावर विश्वास ठेवलास. म्हणून कागद दुरुस्त करून आणला."

हॅना रडली. बाईनं तिला जवळ घेतलं नाही, पण पाण्याचा ग्लास भरून दिला, आणि हॅनानं तो तिच्या हातून घेऊन रिकामा केला. तेवढं पुष्कळ होतं.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्याकडे दुरुस्त कागदाच्या चार नकला घेऊन आली. एक हॅनाला, एक नाथानच्या पलटणीच्या डॉक्टरला. उरलेल्या दोन हाल्पर्नच्या इस्पितळाच्या प्रमुखाला आणि परिषद भरवणाऱ्यांना.

मी म्हटलं, "बाई, त्यानं लिहून दिलं, सगळ्यांसमोर मान खाली घातली. आता पुरे करा."

"पुरे कधी ते मी ठरवीन," ती म्हणाली. "तू पत्ते लिही."

मी लिहिले.